हिशेब देण्यासाठी लिहिणे

1940 साली वर्ध्याजवळच्या सेगावचे नाव बदलून सेवाग्राम झाले, ते टपालामुळे. 30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी या खेड्यात राहायला गेले आणि त्यांच्यामागोमाग पत्रांचा लोंढा आला. नावे सारखी असल्याने यातली काही पत्रे बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला जाऊन पडत. शेवटी घोटाळा निस्तरायला गावाचेच नाव बदलण्यात आले. त्या टपालात पुढाऱ्यांची राजकीय पत्रे होतीच. पण गांधीजींची प्रसिद्ध झालेली उत्तरे चाळली, तर सामान्य माणसे काय विचारीत याचा अंदाज येतो. पोट साफ होत नाही, मातीची पट्टी किती वेळ ठेवावी, घेतलेले व्रत मोडले, रागावर ताबा राहत नाही, नवराबायकोचे पटत नाही, सूत सारखे तुटते. उत्तरेही तशीच नेमकी: आहारात हे घ्या, ते सोडा, वजन किती भरले ते पुढच्या पत्रात कळवा. या माणसांना कोणी लिहायला बसवले नव्हते. मग ती का लिहीत होती?

मन मोकळे करण्यासाठी, हे आजचे सरावाचे उत्तर. वर्धा जिल्ह्यातला पुरावा मला वेगळे सांगतो. इथला माणूस लिहीत होता तो बहुधा कोणापाशी तरी हिशेब देण्यासाठी. तो कोणीतरी कधी आजोबा होता, कधी बापू, कधी हयात नसलेली आई, तर कधी स्वतःचेच दुसरे मन. लिहून ठेवले की शब्द फिरवता येत नाही, याची खात्री लिहिणाऱ्याला हवी असे.

ही वृत्ती गांधीजींच्या आश्रमात उगवली असे मानण्याचे कारण नाही. वर्धा, हिंगणघाट, पुलगाव ही कापसाची गावे. पेढीवर रोजकीर्द आणि खतावणी ठेवल्याशिवाय इथला दिवस मावळत नसे. अशाच एका पेढीवर जमनालाल बजाज दत्तक आले. 1907 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, दागिने घालण्यावरून आजोबा बच्छराजांशी त्यांचा खटका उडाला. आजोबांनी पैशाची भाषा काढली. जमनालाल घर सोडून निघाले आणि इस्टेटीवर आपला कसलाही हक्क उरला नाही, असे पत्र लिहून दिले. दुखावलेल्या पोराने लिहिलेल्या या पत्रात रडगाणे नाही. अंगावरच्या कपड्यांपलीकडे काही नेत नाही, असे आहे. राग होता खरा, पण तो बाहेर पडला देण्याघेण्याच्या भाषेत. पुढे समजूत पटून ते परत आले, तरी ते पत्र त्यांनी आयुष्यभर खरे मानले आणि संपत्तीकडे विश्वस्ताच्या नात्याने पाहिले. पुढे खंडाखंडांनी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या डायरीची चालही रोजकीर्दीचीच आहे. प्रवास, भेटीगाठी, तब्येत, कामे अशा तुटक नोंदी. वर्णनाचा सोस नाही.

गांधीजींनी या सवयीला नियमाचे रूप दिले. आश्रमात रोजनिशी ठेवणे हा साधनेचा भाग होता. सत्याने वागायचे म्हणणाऱ्याला ती राखणदारासारखी उपयोगी पडते, असे ते सांगत. चूक झाली तर ती लिहायची, सारवासारव करायची नाही. सुताची मोजदाद तशीच काटेकोर. चार फुटांचा एक तार, 160 तारांची लटी, 640 तारांची गुंडी. गुंडी बांधताना आकडा लिहायचा, म्हणजे आज आपण किती काम केले यावर वाद घालायला जागा उरत नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम आकाराला आली, तेव्हा ही पद्धत शाळेत उतरली. निबंधाचा विषय फळ्यावरून यायचा त्याऐवजी मुलाच्या हातच्या कामातून आला: कापूस किती घेतला, सूत किती निघाले, वाया किती गेले. शेतमजुराच्या पोराला स्वतःविषयी लिहिण्याचे कारण मिळाले, कारण त्याच्याकडे लिहिण्याजोगे, स्वतः केलेले काही होते.

यावर आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. जी वही दुसरा वाचणार, ती खाजगी कसली? ती तर देखरेख. आश्रमवासीयांच्या रोजनिश्या गांधीजी पाहत, हे खरे. आणि वाचणारा एवढा मोठा असला की लिहिणारा त्याला आवडेल तेच लिहील, हा धोकाही खरा. पण खाजगी म्हणजे लपवलेले, हे समीकरण मला पटत नाही. तुकोबांपासून आपल्याकडे आपले उणे चारचौघांत सांगण्याची रीत आहे, आणि म्हणून ते कमी आतले ठरत नाही. कारण वैयक्तिक असावे लागते. वाचक असला तरी चालतो. किंबहुना वाचक ठरलेला असेल तर लिहिणे टिकते.

याचा सर्वांत चांगला दाखला विनोबांचा आहे. तरुणपणी ते कविता करीत आणि मनासारखी उतरली की अग्नीला देत. काशीत असताना गंगेला. फक्त स्वतःसाठी केलेले ते लिखाण स्वतःपाशीच संपले. 1921 मध्ये ते वर्ध्याला आले. गीता समजेल अशा मराठीत हवी, असे आईने पूर्वी म्हटले होते आणि हे काम तूच कर असे सुचवले होते. ती आई, रुक्मिणीबाई, 1918 मध्येच गेली. बारा वर्षांनी, 7 ऑक्टोबर 1930 रोजी, वर्ध्यात विनोबांनी ‘गीताई’ लिहायला घेतली आणि 6 फेब्रुवारी 1931 रोजी संपवली. मग आश्रमातल्या एका लहान मुलीला ती शिकवली आणि जिथे ती अडली तिथे शब्द बदलले. आईचे देणे फिटले की नाही, हे त्या मुलीच्या समजण्यावर ठरणार होते. हे पुस्तक नंतर घरोघर गेले. पण ते लिहिले गेले एका बाईच्या मागणीखातर.

दुसरा आक्षेप असा की बजाज आणि विनोबा ही सामान्य माणसे नव्हेत. नव्हेतच. थोरांचे कागद जपले जातात, म्हणून तेच बोलतात. शिवाय, ज्या काळाविषयी आपण बोलतो आहोत त्या काळात इथल्या बहुतेक बायकांच्या हाती लेखणी नव्हती. त्यांचे सुखदुःख जात्यावरच्या ओवीत गेले, आणि तिथे हिशेब कमी, मोकळे होणे अधिक. माझे म्हणणे त्यांना लागू पडत नाही, हे मान्य केले पाहिजे. मात्र ज्यांच्या हाती लेखणी आली, त्या कास्तकाराने, मास्तराने, कातणाऱ्याने तिचा पहिला उपयोग कशासाठी केला, हे विचारले तर उत्तर पुन्हा तिथेच येते: पेरणीची तारीख, उसनवारी, लेकीच्या लग्नाचा खर्च, केलेला नवस. या नोंदींना कोरडे म्हणणे चूक आहे. माणसाला काय विसरायचे नव्हते आणि कोणाला फसवायचे नव्हते, ते त्यात लिहिलेले आहे. म्हणून वर्ध्याच्या वाचकांना एवढेच सांगणे: आजोबांची जुनी वही घरात सापडली, तर रद्दीत घालण्यापूर्वी एकदा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा, आणि मग जपून ठेवा.