जिथं पाणी, तिथं मुक्काम

काही वर्षांपूर्वी मी मुलीकडे ॲडलेडला गेलो होतो. एके दिवशी ती म्हणाली, "बाबा, चार दिवस तंबूत राहाल का?" हॉटेलपेक्षा स्वस्त पडेल, एवढंच माझ्या ध्यानात आलं आणि मी होकार दिला.

आम्ही ऊडनाडॅटा ट्रॅक या कच्च्या रस्त्याला लागलो. मरी गावापासून मार्लापर्यंत सुमारे ६२० किलोमीटर लाल माती; वस्त्या बोटांवर मोजण्याइतक्या. मरीपासून सव्वाशे किलोमीटरवर कॉवर्ड स्प्रिंग्ज इथं आम्ही तंबू ठोकला. कॉवर्ड म्हणजे भित्रा, पण इथं तसं नाही. १८५८ च्या एका मोहिमेतल्या थॉमस कॉवर्ड या पोलिसाचं ते नाव. मी मुलीला विचारलं, "एवढ्या उजाड मुलखात हीच जागा का?" ती म्हणाली, "इथं पाणी आहे."

श्रोतेहो, त्या वाटेचा सगळा इतिहास या तीन शब्दांत आहे. ऑस्ट्रेलियाच्या एक पंचमांशाहून अधिक भूभागाखाली पाण्याचा प्रचंड साठा आहे. या पट्ट्यात ते पाणी झऱ्यांच्या रूपानं वर येतं. अरबाना या मूळ रहिवाशांना हे झरे हजारो वर्षं ठाऊक होते. झऱ्यावरून झऱ्यावर त्यांची ये-जा चाले. जॉन मॅक्डूअल स्टुअर्टसारखे गोरे संशोधक त्याच झऱ्यांच्या आधारानं उत्तरेकडे सरकले आणि मागोमाग १८७२ मध्ये तारायंत्राची लाइन पूर्ण झाली. पोर्ट ऑगस्टा ते डार्विन, ३,००० किलोमीटरहून लांब. तिथून समुद्राखालून जावा, सिंगापूर, मद्रास, मुंबई असा टप्प्याटप्प्यानं संदेश लंडनला पोचू लागला. म्हणजे या माळरानाचा धागा आपल्या मुंबईशीही जुळला होता.

पुढं रेल्वे आली. वाफेच्या इंजिनाला पाणी हवंच. कॉवर्ड स्प्रिंग्जला १८८६ मध्ये खोल विंधन विहीर खणली गेली. लोहमार्ग १८९१ ला ऊडनाडॅटापर्यंत आणि १९२९ ला ॲलिस स्प्रिंग्जपर्यंत गेला. १९८० मध्ये तो बंद झाला, गाड्या दुसऱ्या मार्गानं जाऊ लागल्या. स्टेशनमास्तरचं घर मात्र दुरुस्त होऊन उभं आहे, आणि जिथं इंजिनं पाणी प्यायची, तिथं आता आमच्यासारखे प्रवासी तंबू ठोकतात. अंघोळीचं पाणी लाकडं पेटवून तापवलेलं. मला आपल्याकडचा तांब्याचा बंब आठवला.

पण रेल्वेच्या आधी, आणि नंतरही जिथं रूळ नव्हते तिथं, या मुलखाचं ओझं वाहिलं ते उंटांनी. १८६६ मध्ये टॉमस एल्डर या व्यापाऱ्यानं कराचीहून शंभरावर उंट आणि उंटवाले आणले. १९२० पर्यंत किमान २,००० उंटवाले तिथं आले. सिंध, पंजाब, बलुचिस्तान, अफगाणिस्तान, कुठलेही असोत, सगळ्यांना एकच नाव, 'अफगाण'. त्यावरूनच त्या रेल्वेला 'घान' म्हणू लागले, असं सांगतात. त्यांनी तारेचे खांब वाहिले, पीठ-साखर पोचवली. आणि मुक्काम? मरीत रुळांच्या एका बाजूला गोऱ्यांची वस्ती. दुसऱ्या बाजूला उंटवाले आणि मूळ रहिवासी. १९०१ च्या कायद्यानं नव्या उंटवाल्यांना दार जवळजवळ बंद केलं.

त्या रात्री मला लवकर झोप आली नाही. आपण थोडे पैसे मोजून निवांत पडलो आहोत. हे पाणी ज्यांनी राखलं आणि या वाटेवर ज्यांनी घाम गाळला, त्यांना मात्र गावात रुळांपलीकडे राहावं लागलं. २०१२ मध्ये न्यायालयानं अरबानांचा या भूमीवरचा पारंपरिक हक्क मान्य केला. उंटवाल्यांची आठवण म्हणून मरीत त्यांच्या मातीच्या मशिदीची प्रतिकृती उभी आहे.

परतताना तिथं आम्ही गाडी थांबवली. मुलगी म्हणाली, "बाबा, पाणी हवंय का?" मी म्हटलं, "नको. जरा वेळ इथं उभा राहतो."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)