सॉकेट-मर्यादा, घरगुती (एका सर्किटवरील)

घरातल्या एका सर्किटवर किती पॉइंट काढावेत आणि त्यावर किती भार टाकावा, यासंबंधीचे दंडक. मीटरनंतरच्या बोर्डातील एका फ्यूजमधून किंवा एमसीबीतून निघालेली तार आणि तिच्यावरचे दिवे, पंखे, सॉकेट मिळून एक सर्किट होते.

भारतात हे दंडक आयएस ७३२ हे मानक आणि १९८५ मध्ये प्रथम निघालेली राष्ट्रीय विद्युत संहिता (सुधारित आवृत्त्या २०११ व २०२३) यांच्या परंपरेतून रुळले. दिवे, पंखे आणि लहान सॉकेट एकाच सर्किटवर चालतात. मात्र पॉइंट दहांपेक्षा जास्त नकोत आणि भार ८०० वॉटच्या आत हवा. पॉवर सर्किट वेगळे काढायचे, त्यावर दोनच सॉकेट आणि भार ३,००० वॉटपर्यंत. हिशेबासाठी लहान सॉकेटचा भार १०० वॉट आणि मोठ्याचा १,००० वॉट धरतात. हे दोन सॉकेट म्हणजे आयएस १२९३ मधील ६ आणि १६ अँपिअरचे. जुने वायरमन अजून त्यांना पाच आणि पंधराचा पॉइंटच म्हणतात.

आकडा भिंतीवरच्या भोकांचा दिसतो, पण त्यामागचा हिशेब तारेचा असतो. प्रवाह दुप्पट झाला की तारेत निर्माण होणारी उष्णता चौपट होते. २३० व्होल्टला ८०० वॉट म्हणजे साडेतीन अँपिअर. दिव्यांच्या सर्किटला लावतात ती दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार एवढा प्रवाह सहज पेलते. पाणी तापवायचा १,५०० वॉटचा रॉड एकटाच साडेसहा अँपिअर ओढतो, म्हणजे ६ अँपिअरच्या सॉकेटची मर्यादा एका उपकरणातच ओलांडली जाते. तार कदाचित तग धरेल, पण सॉकेटची पिन, स्विच आणि सैल स्क्रू आधी जळतात. बहुतेक घरांतल्या काळ्या पडलेल्या बोर्डांचे मूळ इथे सापडते.

इंग्लंडने उलटी वाट धरली. महायुद्धानंतर तिथे १३ अँपिअरचा चौकोनी पिनांचा प्लग आला. त्याच्या पोटातच फ्यूज असतो. म्हणून ३२ अँपिअरच्या वर्तुळाकार सर्किटवर सॉकेटची संख्या मोजत नाहीत, १०० चौरस मीटर क्षेत्रफळ पाहतात. आपण त्यांचाच जुना गोल पिनांचा प्लग ठेवला. त्यात फ्यूज नाही, त्यामुळे सगळी भिस्त बोर्डातल्या एमसीबीवर राहते.

डहाणू–तलासरी : पालघर जिल्ह्यातील (स्थापना १ ऑगस्ट २०१४) या दोन तालुक्यांत हा नियम दोन टोकांना लावून पाहता येतो. बोर्डी, घोलवडच्या चिकूवाड्यांतील बंगल्यांत आणि पर्यटकांच्या निवासांत गीझर, वातानुकूलन यंत्रे आणि पंप असतात. तिथे दोन सॉकेटचा दंडक पाळायचा तर बोर्डात सर्किटांची रांगच लागते. पाड्यावरच्या घरांची गोष्ट निराळी. १९८८–८९ पासूनच्या कुटीर ज्योती योजनेत एका दिव्याची जोडणी मिळे. सप्टेंबर २०१७ मध्ये जाहीर झालेल्या सौभाग्य योजनेतही जोडणीबरोबर एका दिव्याच्या पॉइंटची वायरिंग, एक एलईडी दिवा आणि मोबाइल चार्जिंगचा एक पॉइंट एवढीच तरतूद होती. अशा घरात सर्किटे मोजायचा प्रश्नच येत नाही; अख्खे घर एकाच सर्किटवर.

पुढे त्याच दिव्याच्या होल्डरमधून पंखा, टीव्ही, मोबाइलचा चार्जर निघतो. इथवर बेरीज दोनशे वॉटच्या आसपास राहते आणि नियम मोडत नाही. ७५० वॉटचा मिक्सर आला की मर्यादा ओलांडते, आणि १,००० वॉटची इस्त्री तर एकटीच तिच्या पलीकडची. एक्स्टेंशन बोर्ड लावून पॉइंट वाढल्यासारखे दिसतात. तार तीच, फ्यूज तोच. फ्यूज उडतो म्हणून त्यात जाड तार घालणे हा सर्वांत घातक उपाय, कारण मग सर्किटातली सर्वांत कच्ची जागा फ्यूज न राहता भिंतीवरची तार होते. ही भिंत कारवीच्या किंवा बांबूच्या कुडाची, शेणमातीने लिंपलेली असली तर पाइप आत गाडता येत नाही. तार उघड्यावर, वाशांच्या आधाराने जाते. छपराला गवत असेल तर सांध्यातली एक ठिणगी पुरते. अशा घरात पीव्हीसीच्या पट्टीतून तार नेणे आणि सांधे फक्त बंद डबीत करणे हे पॉइंटच्या संख्येहून महत्त्वाचे ठरते.

मीटरपुढची वायरिंग ग्राहकाची जबाबदारी असते. महावितरण तिथे थांबते. दिवा, पंखा, फ्यूज किंवा स्विच बदलण्यापलीकडचे काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्यावे, असा नियम आहे. एक सॉकेट वाढवण्यासाठी तसा ठेकेदार पाड्यावर बोलावणे किती जणांना परवडते, हे वेगळे सांगायला नको.

मोठ्या सॉकेटला अर्थिंग अनिवार्य धरतात. पण तिसऱ्या पिनेची तार जमिनीत नीट उतरली नसेल, तर ती पिन नावालाच उरते. तलासरीकडच्या मुरमाड, खडकाळ जमिनीत उन्हाळ्यात ओल आटली की अर्थिंगचा रोध वाढतो. डहाणूच्या किनाऱ्यावर खारी हवा जोडांना गंज चढवते. अशा वेळी गळतीचा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारे उपकरण, म्हणजे आरसीसीबी, हाच खरा आधार. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांनी घरांसाठी त्याची मर्यादा ३० मिलिअँपिअर ठरवली आहे. मात्र २५० व्होल्टपर्यंतच्या आणि २ किलोवॉटच्या आतल्या जोडण्यांना या सक्तीतून सूट आहे. एका पॉइंटवर वाढत गेलेली घरे नेमकी याच सुटीत मोडतात.