रायपूरचा मुक्काम

एखाद्या नगराचा इतिहास लिहावयाचा झाला म्हणजे आपण किल्ला, राजवाडा, देवालय आणि कचेरी यांपासून आरंभ करतो. परंतु नगराची खरी ओळख पटते ती परक्या माणसाला तेथे रात्र कशी काढावी लागत असे यावरून. ज्याचे घर तेथे नाही, नातलग नाही, त्याला पाठ टेकण्यापुरती जागा कोण देतो, कोणत्या अटीवर देतो आणि कोणाला नाकारतो, या प्रश्नांच्या उत्तरांत त्या समाजाची अवघी रचना उमटलेली असते. छत्तीसगढमधील रायपूर हे नगर या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

मराठ्यांचा रायपूरशी संबंध जुना आहे. नागपूरकर रघूजी भोसल्यांचा सरदार भास्करराम कोल्हटकर १७४१ मध्ये रतनपुरावर चालून गेला आणि तेथील हैहयवंशी राजाने शरणागती पत्करली. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपूर येथे राहून या प्रांताचा कारभार पाहिला. त्यांच्यानंतर नागपूरहून सुभेदार नेमून कारभार चालू लागला. कारकून, जासूद, शिलेदार, सावकार आणि व्यापारी यांची नागपूर व छत्तीसगढ यांच्यामध्ये सतत ये-जा सुरू झाली ती या काळापासून.

नागपूर ते रायपूर हे अंतर सुमारे १८० मैलांचे. बैलगाडी दिवसाकाठी दहाबारा मैलांची मजल मारी. म्हणजे पंधरा ते अठरा मुक्काम करावे लागत. पडाव ठरत असे तो पाण्यावरून. जेथे तलाव, आमराई आणि वाण्याचे दुकान, तेथे गाड्या सुटत, चुली पेटत आणि रात्रीची राखण गावच्या कोतवालाकडे सोपवली जाई. मीठ घेऊन येणारे आणि धान्य घेऊन जाणारे बंजारे तर आपल्या गोण्यांचीच भिंत रचून तिच्या आडोशाला निजत. मुक्कामाचे भाडे असे फारसे नव्हतेच. होती ती ओळख, चिठ्ठी आणि जात.

१७९५ साली कॅप्टन ब्लंट हा इंग्रज अधिकारी चुनारहून दक्षिणेकडे मार्ग शोधीत या प्रांतातून गेला. त्याने पाहिलेल्या रायपुरात सुमारे तीन हजार झोपड्या होत्या, किल्ला होता, तलाव होता आणि व्यापाऱ्यांची वस्ती होती. रतनपूर ही राजधानी असतानाही व्यापाराचा ओढा रायपूरकडे होता असे यावरून दिसते. १८१८ नंतर इंग्रजांनी कारभाराचे मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास हलवले, तेव्हा त्यांनी हाच ओढा ओळखला असे म्हणावयास हरकत नाही.

या नगरात परक्याला आसरा देणारी जुनी स्थाने म्हणजे मठ आणि धर्मशाळा. वैष्णव परंपरेतील दूधाधारी मठाला भोसल्यांचा आश्रय होता. अशा मठांत यात्रेकरूला शिधा मिळे, ओसरीवर जागा मिळे आणि त्याबद्दल कोणी पैसा मागत नसे. या दातृत्वाचे मोल मोठे आहे. तथापि ते सर्वांसाठी नव्हते. दारी आलेल्याला पहिला प्रश्न जातीचा असे, आणि त्याच्या उत्तरावर ओसरी, अंगण की गावाबाहेरचे झाड हे ठरे. याच छत्तीसगढमध्ये गुरू घासीदास यांनी माणसामाणसांत भेद नाही असा उपदेश केला आणि सतनामी पंथ उभा केला, हे या संदर्भात विसरता येत नाही.

इंग्रजी अमलात मुक्कामाला कायद्याचे रूप आले. १८६७ मध्ये सरायांसंबंधीचा कायदा झाला. त्याने सरायांची नोंदणी ठरवली; खोल्या, मोऱ्या व विहिरी स्वच्छ राखणे, भिंती आणि दारे दुरुस्त ठेवणे, पहारेकरी नेमणे, साथीच्या रोग्याची खबर पोलिसांना देणे आणि दरांचा तक्ता लावणे ही सरायवाल्याची कर्तव्ये झाली. वाटसरूचे काही हक्क असतात आणि ते मालकाच्या मर्जीवर सोडता येत नाहीत, हे तत्त्व त्या रूक्ष कलमांत दडलेले आहे. साहेबासाठी मात्र वेगळी व्यवस्था होती. डाक बंगला, त्यातील खानसामा आणि भिंतीवरच्या टोप्या हे जगच निराळे होते.

रेल्वे येण्यापूर्वीच्या प्रवासाची एक आठवण प्रसिद्ध आहे. १८७७ मध्ये कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपुरास राहिले होते. त्यांचे कुटुंब मागाहून आले. त्यात चौदा वर्षांचा नरेंद्र होता. रायपूरपर्यंत आगगाडी नव्हती. शेवटचा मोठा टप्पा बैलगाडीने अरण्यातून ओलांडावा लागला आणि त्याला पंधरवड्याहून अधिक काळ लागला. विंध्याच्या दरीतील एका कड्यावरचे प्रचंड मोहोळ पाहून तो मुलगा देहभान विसरला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. हाच मुलगा पुढे स्वामी विवेकानंद झाला. रायपूरच्या विमानतळाला २०१२ मध्ये त्याचेच नाव देण्यात आले.

नागपूरहून राजनांदगावपर्यंतची मीटर मापाची रेल्वे १८८२ पर्यंत पुरी झाली. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिने तो मार्ग रुंद केला आणि रायपूर, बिलासपूरवरून पूर्वेकडे नेला. पंधरा पडावांची वाट एका रात्रीवर आली. वाटेवरचे तलाव, आमराया आणि वाण्यांची दुकाने यांचे महत्त्व ओसरले आणि स्थानकासमोर धर्मशाळा, खानावळी व लॉज उभे राहिले. तिकीट विकताना जात विचारता येत नव्हती, एवढी क्रांती रेल्वेने केली. परंतु गाडीतून उतरल्यावर प्रश्न तोच होता.

त्या प्रश्नाची धार महाराष्ट्राला ठाऊक आहे. परदेशातील उच्च शिक्षण घेऊन १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्या शहरात राहावयास जागा मिळेना. अखेर एका पारशी उतारगृहात, वहीत पारशी नाव लिहून, त्यांना राहावे लागले. आणि काही दिवसांतच लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथूनही बाहेर काढले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. विद्वत्तेने, पदाने आणि पैशाने जे मिळत नव्हते, ते होते रात्रीचे एक छप्पर.

रायपुरातही याच प्रश्नावर काम झाले. राजिमचे पंडित सुंदरलाल शर्मा यांनी अस्पृश्यतानिवारणाचे कार्य केले. १९३३ मध्ये हरिजन दौऱ्यावर गांधीजी रायपुरास आले, तेव्हा त्यांनी या कार्याचा गौरव केला. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव आणि रस्ते यांच्याबरोबर हॉटेलचाही स्पष्ट उल्लेख आहे: धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून तेथे कोणाही नागरिकाला मज्जाव करता येणार नाही. १९५५ च्या अस्पृश्यता अपराध कायद्याने धर्मशाळा, सराय आणि मुसाफिरखाना यांनाही त्याच नियमाखाली आणले.

त्याच दशकात रायपूरचा पाहुणा बदलू लागला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. अभियंते, ठेकेदार आणि यंत्रांचे विक्रेते दूरदूरहून येऊ लागले. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य निर्माण होऊन रायपूर राजधानी झाले, आणि विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मध्यम दराची हॉटेले उभी राहिली. आज पुण्याचा किंवा मुंबईचा एखादा व्यवसायी संध्याकाळच्या विमानाने उतरतो, ओळखपत्र दाखवतो, खोलीची चावी म्हणून एक पातळ पत्रा घेतो, सकाळी उरला किंवा सिलतरा येथील कारखान्यात जाऊन व्यवहार ठरवतो आणि त्याच दिवशी परततो. त्याच्या मुक्कामाला बारा तासही लागत नाहीत. वहीत तो स्वतःचे नाव लिहितो. ही गोष्ट त्याला इतकी स्वाभाविक वाटते की तिच्यामागे १९१७ ते १९५० असा एक लढा आहे हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

हे विमानतळ ज्या माना गावाजवळ आहे, त्या नावाशी आणखी एक मुक्काम निगडित आहे. १९५८ मध्ये पूर्व पाकिस्तानातील निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी दंडकारण्य योजना आखण्यात आली. १९६४ च्या दंगलींनंतर निर्वासितांचे लोंढे आले, आणि महायुद्धकालीन धावपट्टीच्या या परिसरात माना येथील संक्रमण शिबिरात त्यांना उतरवण्यात आले. तेथून बस्तर, कोरापूट आणि मलकानगिरीकडे त्यांची पाठवणी व्हावयाची होती. काही दिवसांसाठी आलेल्या अनेकांची तेथे वर्षे गेली. माना कॅम्प हे नाव आजही तेथील वस्तीला आहे. परतीचे तिकीट खिशात असणाऱ्याचा मुक्काम आणि परतावयाला घर नसणाऱ्याचा मुक्काम, दोन्ही या एकाच मातीवर घडले.

आतिथ्याच्या या इतिहासात मिळकत आणि तूट दोन्ही आहेत. मठाच्या ओसरीवर पैसा लागत नसे, पण जात सांगावी लागे. हॉटेलात जात सांगावी लागत नाही, पण पैसा मोजावा लागतो. पैशाचे दार जातीच्या दारापेक्षा न्याय्य आहे यात शंका नाही, कारण पैसा मिळवता येतो आणि जन्म बदलता येत नाही. परंतु तेही दारच आहे. पाहुण्याला विमानतळावरून आणणारा चालक पुष्कळदा गाडीतच रात्र काढतो. कामासाठी परमुलखात निघालेले छत्तीसगढी मजूर आजही रायपूर स्थानकाच्या फरशीवर गाठोडे उशाशी घेऊन गाडीची वाट पाहतात. जुन्या सरायांच्या कायद्याने वाटसरूला स्वच्छ पाणी, शाबूत छप्पर आणि राखण एवढे देऊ केले होते. ते ज्या दिवशी त्या फरशीवरच्या प्रवाशालाही मिळेल, त्या दिवशी रायपूरच्या मुक्कामाचा इतिहास पुरा झाला असे म्हणता येईल.