पारधीचा वाटा

गेल्या वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेतून पुतण्याचा फोन आला. तो विस्कॉन्सिन राज्यात नोकरीला आहे. तिकडे नोव्हेंबरच्या अखेरीस नऊ दिवस बंदुकीने हरणे मारण्याचा हंगाम असतो. कचेरीतल्या सोबत्यांबरोबर रीतसर परवाना काढून हा गेला आणि ध्यानीमनी नसताना एक हरीण पडले. आता पुढे काय, हा त्याचा प्रश्न.

"काका, इथं त्याची दुकानं आहेत. अख्खं जनावर नेऊन द्यायचं, शंभर-सव्वाशे डॉलर मोजायचे, की काही दिवसांनी गोठवलेल्या मांसाच्या पुड्या हातात. पण सोबती म्हणतो, स्वतःच काप. दुकानात कुणाचं हरीण कुणाच्या पुडीत जातं, देव जाणे. आपल्या गावात काय करायचे?"

सोबत्याचे म्हणणे अगदीच वावगे नव्हते. 2002 साली त्या राज्यातल्या रानटी हरणांत मेंदू पोखरणारा एक रोग सापडला. तेव्हापासून आपले जनावर दुसऱ्याच्या जनावरात मिसळू नये, अशी काळजी बरेच जण घेतात. पण मला त्याच्या प्रश्नाने खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात नेऊन सोडले. त्याला फोनवर दोन वाक्यांत काय सांगणार? म्हणून हा लेख.

जनावर कोणी मारावे यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. ते कापावे कोणी, यावर फारसे नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. आपला हा सारा मुलूख तेव्हा त्याच्याच छत्राखाली. त्यात राजाच्या मृगयेचे वर्णन आहे, तसे भोजनाचेही आहे. डुकराचे केस कसे काढावेत तेही त्याने सांगितले आहे. अंगावर कापड घालून कढत पाणी ओतावे, नाहीतर मातीचा लेप देऊन गवताच्या जाळावर भाजावे. हे वाचले तेव्हा मी चकित झालो, कारण गवताचा जाळ मी डोळ्यांनी पाहिला होता. हे काम करणारा हात मात्र त्या श्लोकांत कुठे दिसत नाही.

गावगाड्यात त्या हाताला नाव होते. बकरे कापायचे तर मुलाणी. तो बलुतेदार, त्याचा हक्क ठरलेला, म्हणजे मोबदला देऊन कापून घेण्याची रीत आपल्याकडे काही अमेरिकेतून आलेली नाही. रानातल्या शिकारीला मात्र ही सोय पुरत नसे. हलाल करायचे तर जनावरात धुगधुगी हवी. म्हणूनच जुन्या शिकारकथांत बार होताच सुरी घेऊन धावणारा मुसलमान सोबती वारंवार भेटतो. आणि डुकराला तर मुलाणी हातच लावणार नाही. तेव्हा रानडुक्कर पडले की गावाने ते स्वतः कापायचे, याला दुसरा मार्गच नव्हता.

राजेरजवाडे आणि साहेबलोक यांची तऱ्हा वेगळी. त्यांना मांसापेक्षा मुंडके आणि कातडे प्यारे. त्यासाठी म्हैसूरला व्हॅन इंगेन यांचा कारखाना होता. वाघ आणि बिबटे मिळून चाळीस हजारांहून अधिक जनावरे तिथे पेंढा भरून नाहीतर कातडी कमावून निघाली. 1999 साली तो बंद झाला. दाम मोजून शिकारीवर संस्कार करून घेण्याचा आपल्या देशातला सगळ्यात मोठा धंदा तो हाच असावा, आणि त्यात खाण्याचा संबंध नाही!

आमच्याकडे भात पोटरीला आले की डुकरे उतरत. एका रात्रीत अख्खी मळी लोळवून टाकत. पीकरक्षणाच्या परवान्यावर गावात दोन ठासणीच्या बंदुका होत्या, त्यातली एक आजोबांची. पारधीच्या दिवशी घरटी एक माणूस हाक्याला. पूर्वेकडून सुगीला आलेले कानडी गडीही येत. ते डुकराला 'हंदी' म्हणत आणि वाट्याला 'पालु'. तेवढे दोन शब्द गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते.

डुक्कर पडले की पहिली घाई पोट फाडण्याची. नर असेल तर त्याचे अंड आधी काढायचे, नाहीतर मांसाला उग्र वास धरतो. पित्ताची पिशवी फुटू न देता काळीज सोडवणे हे आजोबांचे काम. काळजाचा तुकडा निखाऱ्यावर भाजून रानातल्या देवाला. आतडी कुत्र्यांना. मग बांबूला पाय बांधून जनावर गावात. खळ्यावर पिंजराचा जाळ करून केस जाळायचे, वर गरम पाणी ओतत कोयत्याच्या पात्याने कातडी खरवडायची. म्हाताऱ्या नराच्या खांद्यावरची कातडी ढालीसारखी जाड. तिथे सुरी चालत नसे, आजोबा कुऱ्हाड मागत. मी आठ-नऊ वर्षांचा, कंदील धरायला.

वाटे केळीच्या पानांवर पडत. ज्याचा बार लागला त्याला मुंडी आणि एक फरा. बंदुकीचा एक वाटा, कुत्रेवाल्याचा अर्धा, हाक्याला आलेल्या प्रत्येकाचा एक. शिवाय ज्या घरात पुरुष माणूस नाही त्या घराचा एक. प्रत्येक वाट्यात हाड, चरबी आणि मऊ मांस सारखे पडले पाहिजे, म्हणून आजोबा तुकडे या पानावरून त्या पानावर हलवत बसत. त्यांना घाई केलेली चालत नसे. बर्फ नाही, शीतकपाट नाही. रात्रीत वाटले नाही तर सकाळी फेकायचे, हेही त्यामागे होतेच. उगाच सगळे पुण्याईच्या खात्यावर मांडण्यात अर्थ नाही. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली माणसे हाक्यात सर्वांत पुढे, काट्याकुट्यांतून जाणारी. त्यांची पाने मात्र शेवटी आणि जरा लांब मांडली जात. तुकडे सारखे आणि अंतर वेगळे. तेव्हा मला त्यात काही वावगे दिसले नाही. आणि खरवडण्यासाठी घागरी घागरी पाणी तापवणाऱ्या बायकांचा स्वतंत्र वाटा कधीच नव्हता.

1967 च्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. थोरले काका शहरात कंत्राटदाराकडे होते, त्यांच्याकडे जीप असे. त्या वर्षी मोठा नर पडला. चार माणसांनी उचलताना धापा टाकल्या. काका म्हणाले, "बाबा, रात्रभर चिखलात कशाला बसता? शहरात एक ओळखीचा डुक्करवाला आहे. उद्या दुपारी साफ करून आणतो." आजोबांचे गुडघे तेव्हा धरू लागले होते. ते 'बरं' म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जीप आली ती संध्याकाळी. दोन पाट्या मांस. तागडीवर धरले तर बावीस किलो भरले. मजुरीचे पैसे देऊन वर मुंडी, चरबी आणि काळीज त्या दुकानदाराने 'रीत आहे' म्हणून ठेवून घेतले होते. फरे तर दिसेचनात. मांस स्वच्छ होते, एकसारखे कापलेले होते. पण ते त्याच डुकराचे होते का, हे कोणी सांगावे? अठ्ठावीस पाने मांडली. आजोबांनी वाटे घातले आणि मूठ मूठ पडल्यावर पाट्या रिकाम्या झाल्या. बंदुकीचा वाटा त्यांनी घेतलाच नाही. कोणी भांडले नाही. वस्तीतला एक म्हातारा पान न उचलता उठून गेला, एवढेच.

पुढच्या वर्षी हाक्याची दवंडी दिली तेव्हा सातजण आले. डुकरांनी त्या साली आमची नदीकाठची मळी निम्मी खाल्ली. मग आजोबा स्वतः घरोघर गेले, वस्तीतही गेले. "यंदा खळ्यावरच कापीन," एवढेच ते दारात उभे राहून सांगत. आणि त्यांनी कापले. त्या रात्री वस्तीची पाने इतरांच्या रांगेत मांडली गेली. ती कोणी मांडली, कोणाच्या सांगण्यावरून, हे मी नंतर पुष्कळांना विचारले. प्रत्येकाने दुसऱ्याचे नाव सांगितले.

ते फार वर्षे चालले नाही. 1972 साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला, 1991 च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच संपले. 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. मारणे तर सोडाच, मांस घरात सापडले तरी गुन्हा. पलीकडे भीमगडचे अभयारण्य झाले. रान वाचले ते चांगलेच झाले, असे मला मनापासून वाटते. भात अजूनही लोळते आणि माझा धाकटा भाऊ रात्री फटाके वाजवत माळ्यावर बसतो.

पुतण्याला मी एवढेच कळवले की, जमत असेल तर स्वतः काप, आणि मदतीला येईल त्याला वाटा दे. त्याने गाडी ठेवायच्या खोलीत कापले. पाच तास लागले. एक फरा सोबत्याला दिला, एक शेजारच्या म्हातारीला. मध्येच त्याचा फोन आला होता. मांसावरचा तो पांढरा चिवट पापुद्रा आजोबा कसा काढायचे, सुरी कुठून घालायचे? मला सांगता आले नाही. माझ्या हातात कंदील होता.