राजाबाई मनोरा आणि मंत्रालयाची जाळी

आत्महत्या रोखणारी बांधकामे हा मुंबईत सार्वजनिक खर्चाचा विषय फार उशिरा झाला. मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट आवारातील राजाबाई मनोरा प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून १८७८ साली पूर्ण झाला. १८९१ मध्ये त्यावरून पडून दोन पारशी स्त्रिया मृत्यू पावल्या. ती आत्महत्या की घातपात, याविषयी मोठा वाद माजला. पुढे मनोरा लोकांस बंद झाला. दार लावण्यास खर्च पडत नाही.

मंत्रालयाचे दार मात्र लावण्याजोगे नव्हते. तेथील एका मृत्यूनंतर, फेब्रुवारी २०१८ मध्ये, शासनाने आतील मोकळ्या चौकात नायलॉनची जाळी बसविली.

अशा खर्चावर नेहमीचा आक्षेप असा की, मरू इच्छिणारा दुसरी जागा शोधील. ब्रिस्टलच्या क्लिफ्टन पुलाचा अनुभव याच्या विरुद्ध आहे. १९९८ साली तेथे तारांचे अडथळे उभारल्यावर वार्षिक मृत्यूंची सरासरी ८.२ वरून ४ वर आली आणि परिसरातील अन्य स्थळी पुरुषांचे असे मृत्यू वाढल्याचे आढळले नाही. आवेग ओसरण्यास अवधी मिळाला की पुष्कळ जीव वाचतात.

मंत्रालयाच्या जाळीस पुढे निराळाच उपयोग लाभला. ऑगस्ट २०२३ मध्ये अप्पर वर्धा धरणग्रस्तांनी आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तत्कालीन विधानसभा उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी तिच्यावर उतरून आपल्या मागण्या मांडल्या. जाळी प्राण राखते. गाऱ्हाणे तिच्यावर तसेच पडून राहते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्या-प्रतिबंधाचे कार्यक्रम आखणे हे शासनाचे कर्तव्य ठरविले आहे. जाळीचा खर्च त्या कर्तव्यात मोडतोच. अर्जदाराचे वेळेवर ऐकून घेण्याचा खर्चही त्याच खाती मांडला पाहिजे.