पस्तीस माता, पाच मुले : पुण्यातील बालहत्या प्रतिबंधक गृह

१/ पुण्यातील एका आवारात एकवीस वर्षांच्या काळात ३५ गरोदर विधवा येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी ५ जगली, ३० दगावली. हा हिशेब कोणा टीकाकाराचा नाही. ते गृह चालवणाऱ्या जोतीराव फुले यांनीच तो ४ डिसेंबर १८८४ रोजी लिहून दिला आहे. स्वतःच्या कार्याचा इतका प्रतिकूल आकडा त्यांनी का सांगितला? आजचा धागा त्याविषयी.

२/ प्रथम त्या काळचा कायदा पाहू. भारतीय दंड संहिता १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. नवजात बालकाची हत्या हा खून ठरला. त्यास फाशी किंवा जन्मठेप. गर्भपात करवून घेणारी स्त्रीही अपराधी ठरली. बारा वर्षांखालील मूल टाकून देणे हा स्वतंत्र गुन्हा, आणि जन्म लपविण्यासाठी मृत अर्भकाची गुपचूप विल्हेवाट लावणे हा आणखी एक.

३/ आता समाज पाहू. उच्चवर्णीय घरांत मुलींची लग्ने बालपणी होत आणि पती निवर्तला की दहाबारा वर्षांच्या मुलीचे केशवपन होई. १८५६ च्या कायद्याने विधवाविवाहास मान्यता दिली होती, परंतु तसा विवाह करणाऱ्यांवर बहिष्कार पडे. तरुण विधवा आप्तांच्या आश्रयाने, त्यांच्याच मर्जीवर दिवस काढी. तिला दिवस गेले तर समाजाकडे तिच्यासाठी एकही वाट नव्हती, आणि कायद्याकडे केवळ शिक्षा होती.

४/ काशीबाई ही अशीच एक गरीब ब्राह्मण विधवा. फुल्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी ती स्वयंपाकाचे काम करी. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला फशी पाडले. गर्भ पाडण्याचे औषधोपचार निष्फळ ठरले. नऊ महिन्यांनी तिला मुलगा झाला. अब्रूच्या धास्तीने तिने त्याला मारले आणि प्रेत घरामागील विहिरीत टाकले.

५/ दोन दिवसांनी प्रेत सापडले. पुण्याच्या सेशन्स कोर्टात खटला चालला आणि काशीबाईस जन्मठेपेवर अंदमानास धाडण्यात आले. त्या शास्त्र्यावर मात्र कोणताही आरोप ठेवला गेला नाही. हे वर्ष १८६३. हा सारा वृत्तांत फुल्यांनी १८८४ च्या आपल्या इंग्रजी निवेदनात दिला आहे. बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे प्रसिद्ध केली होती. त्यांवरील अभिप्राय म्हणून हे निवेदन लिहिले गेले.

६/ खटला संपताच जोतीराव व सावित्रीबाईंनी आपल्याच आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. ते मुख्यत्वे ब्राह्मण विधवांसाठी होते, म्हणून त्याच्या जाहिराती ब्राह्मण वस्तीतील रस्त्यांच्या कोपऱ्यांवर, भिंतींवर चिकटवण्यात आल्या. शूद्र मानल्या गेलेल्या माळी जातीतील एक दांपत्य ब्राह्मण विधवांना बाळंतपणासाठी आपल्या घरी बोलावीत होते. पुण्यासारख्या शहरात या एका ओळीने केवढी खळबळ माजली असेल, याची कल्पना आपणच करावी.

७/ त्या जाहिरातीचा आशय तीन गोष्टींत सामावतो. येथे येणे गुप्त राहील. बाळंतपण सुरक्षितपणे होईल. आणि मूल सोबत न्यावे की येथेच ठेवावे, हे आईच्या खुशीवर राहील. ठेवल्यास त्याचा सांभाळ केला जाईल. बाळाचा बाप कोण, पाय घसरला कसा, यांतले काहीही विचारण्याची अट नव्हती.

८/ हे किती वेगळे होते, ते समजण्यासाठी त्याच काळच्या लंडनकडे पाहावे. थॉमस कोरम यांच्या प्रयत्नांतून १७३९ मध्ये तेथे टाकलेल्या मुलांसाठी मोठी संस्था स्थापन झाली होती. परंतु एकोणिसाव्या शतकात तेथे मूल ठेवू पाहणाऱ्या अविवाहित मातेस स्वतः अर्ज घेऊन हजर राहावे लागे. आपले पूर्वीचे आचरण चांगले होते, हे तिला पटवून द्यावे लागे. तिची चौकशी होई आणि मगच निर्णय. पुण्यातील दार मात्र चारित्र्याचा दाखला मागत नव्हते.

९/ या तीन वचनांत तिसरे सर्वांत वजनदार आहे. विधवेच्या आयुष्यातील एकही निर्णय तिच्या हाती नव्हता. विवाह, केशवपन, आहार, वस्त्र, सारे इतरांनी ठरवलेले. ‘मूल न्यायचे की ठेवायचे, ते तुम्ही ठरवा’ असे तिला सांगणे म्हणजे तिच्याकडे अपराधी म्हणून न पाहता माता म्हणून पाहणे होते. मागे राहिलेल्या मुलांच्या संगोपनाचा भार सावित्रीबाईंनी वाहिला.

१०/ आता पुन्हा त्या आकड्याकडे येऊ. ३५ पैकी ३० मुले का गेली? फुल्यांनी कारण स्पष्ट नोंदवले आहे. गरोदरपण लपविण्यासाठी मातांनी आधीच विषारी औषधे घेतलेली असावीत आणि त्यांची इजा मुलांना गर्भातच झाली होती. म्हणजे त्या या दारापर्यंत पोहोचण्यापूर्वीच घात होऊन गेला होता. काशीबाईनेही आधी औषधेच घेतली होती.

११/ म्हणूनच हा आकडा त्या निवेदनात आला. एक आश्रयस्थान उघडले की प्रश्न सुटला, असे फुल्यांना म्हणावयाचे नव्हते. विधवेस पुनर्विवाहाची मोकळीक नाही आणि विधुरास मात्र हवी तितकी लग्ने करता येतात, ही रूढी कायम असेपर्यंत स्त्री शेवटच्या क्षणीच मदतीला येणार, हे त्यांनी एकवीस वर्षे पाहिले होते. तीस मृत मुले हा त्यांचा रूढीविरुद्धचा पुरावा होता.

१२/ पुण्याबाहेरही हे कार्य उभे राहिले. पंढरपूर हे तीर्थक्षेत्र. यात्रेच्या निमित्ताने गरोदर विधवेस तेथे आणून सोडणे सोपे होते. १८७५ मध्ये तेथील न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झाले. पुढे प्रार्थना समाजाने ते चालवले. वा. बा. नवरंगे बालकाश्रम या नावाने ती संस्था आपल्या काळापर्यंत टिकून राहिली.

१३/ तरीही न्यायालयांतील चित्र पालटले नाही. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेस बालहत्येसाठी फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती सौम्य करण्यात आली. वृत्तपत्रांनी या निमित्ताने समस्त स्त्रीजातीवर नीतिभ्रष्टतेचा ठपका ठेवला. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून त्याचा समाचार घेतला. पुरुषाचे काय, हा त्यांचा प्रश्न काशीबाईच्या खटल्यालाही लागू पडतो.

१४/ जी मुले जगली, त्यांचे पुढे काय झाले? एकाची कथा आपणांस ठाऊक आहे. अशाच एका ब्राह्मण विधवेच्या मुलास फुले दांपत्याने दत्तक घेतले, त्याचे नाव यशवंत ठेवले. १८८७ च्या मृत्युपत्रात जोतीरावांनी त्यास आपला वारस केले. तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याजवळ त्याच्या दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले.

१५/ कायद्याला या भूमिकेपर्यंत यावयास फार काळ लागला. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार, आपल्या आवाक्याबाहेरील कारणांमुळे मूल सांभाळू न शकणारे आईवडील ते बाल कल्याण समितीकडे सोपवू शकतात. त्यांना समुपदेशन मिळते आणि निर्णय फिरवण्यासाठी दोन महिन्यांची मुदत मिळते. परिस्थितीमुळे निरुपाय होऊन मूल टाकले असेल, तर हा कायदा त्या जन्मदात्यांना शिक्षेतून वगळतो. भिंतीवरील त्या जाहिरातीनंतर १५२ वर्षांनी!

१६/ असा पर्याय आहे, हे आजही अनेक मातांना वेळेवर कळत नाही, आणि कळले तरी बदनामीच्या भीतीने पाऊल अडते. पुण्याच्या गंज पेठेतील फुलेवाड्यात गेलात, तर बहुतेक जण आपणांस १८६८ मध्ये अस्पृश्यांसाठी खुला केलेल्या पाण्याच्या हौदाविषयी सांगतील. त्या वेळी अंधारात, तोंडावर पदर ओढून फुल्यांच्या दाराशी आलेल्या त्या ३५ जणींचीही आठवण ठेवा. त्यांची नावे गुप्त राहिली, कारण त्यांना दिलेला शब्द पाळला गेला.