नेटवर्क ड्राइव्हवरील फाइल परवानग्या

फाइल परवानगी म्हणजे संगणकावरील एखादी फाइल अथवा फोल्डर कोणी पाहावे, बदलावे वा चालवावे हे ठरवणारी आणि संचालन प्रणालीने अमलात आणलेली व्यवस्था होय. शाळा, महाविद्यालये व विद्यापीठे यांच्या सामायिक नेटवर्क ड्राइव्हवर विद्यार्थी, शिक्षक आणि कर्मचारी या सर्वांच्या फाइली एकाच सर्व्हरवर साठवलेल्या असतात. प्रश्नपत्रिकेची गोपनीयता, स्वाध्यायांची नक्कल रोखणे आणि एकाचे काम दुसऱ्याच्या हातून पुसले न जाणे हे तेथे फोल्डरांच्या मांडणीवर व परवानग्यांवर अवलंबून असते.

## इतिहास

एका संगणकाचा अनेकांनी एकाच वेळी वापर करण्याची पद्धत रुजली तेव्हा फाइलींच्या संरक्षणाचा प्रश्न उभा राहिला. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेल्या सीटीएसएस या प्रणालीचे पहिले प्रात्यक्षिक १९६१ मध्ये झाले. तिच्यावर प्रत्येक वापरकर्त्याला स्वतंत्र पासवर्ड होता. १९६६ मध्ये दोन प्रशासक एकाच वेळी एकाच फोल्डरमध्ये काम करत होते. एक दैनिक सूचनेची फाइल संपादित करत होता, तर दुसरा पासवर्डांची. संपादक प्रोग्राम तात्पुरत्या फाइलीला नेहमी एकच नाव देत असल्याने दोन्ही मजकुरांची अदलाबदल झाली आणि प्रणालीत प्रवेश करणाऱ्या प्रत्येकाला सूचनेच्या जागी सर्वांचे पासवर्ड दिसू लागले.

सीटीएसएसनंतरच्या मल्टिक्स प्रणालीत फोल्डरांची वृक्षासारखी रचना व प्रवेश नियंत्रण सूची या दोन्ही संकल्पना होत्या. १९७१ च्या युनिक्स माहितीपुस्तिकेत परवानग्या बदलणारी ‘सीएचमॉड’ ही आज्ञा आढळते. १९८० च्या दशकात कार्नेगी मेलन विद्यापीठाने आयबीएमच्या सहकार्याने अँड्र्यू फाइल सिस्टिम विकसित केली. १९९३ मध्ये विंडोज एनटीसोबत एनटीएफएस ही फाइल प्रणाली आली.

## युनिक्स पद्धत

युनिक्स व लिनक्स प्रणालींत प्रत्येक फाइलीसाठी मालक, गट आणि इतर असे तीन वर्ग असतात. प्रत्येक वर्गाला वाचणे, लिहिणे व चालवणे या तीन परवानग्या देता येतात. अष्टमान पद्धतीत त्यांची मूल्ये अनुक्रमे ४, २ व १ असून त्यांच्या बेरजेने वर्गाचा अंक ठरतो. उदाहरणार्थ, ७५० म्हणजे मालकाला सर्व परवानग्या, गटाला वाचणे व चालवणे आणि इतरांना काहीही नाही.

फोल्डरच्या बाबतीत या परवानग्यांचा अर्थ बदलतो. वाचणे म्हणजे आतील नावांची यादी पाहणे, लिहिणे म्हणजे नोंदी निर्माण करणे, पुसणे वा त्यांचे नाव बदलणे आणि चालवणे म्हणजे फोल्डरमधून पुढे जाणे होय. फाइल पुसण्याचा अधिकार त्या फाइलीच्या नव्हे, तर ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याच्या परवानग्यांवरून ठरतो. त्यामुळे केवळ वाचता येणारी फाइलही सामायिक फोल्डरमधून दुसऱ्याला पुसता येते. हे टाळण्यासाठी फोल्डरवर ‘स्टिकी बिट’ लावतात. मग फाइलीचा मालक, फोल्डरचा मालक व मुख्य प्रशासक यांनाच ती पुसता येते.

नव्या फाइलीच्या आरंभीच्या परवानग्या ‘यूमास्क’ या मूल्यावरून ठरतात. ०२२ असल्यास सामान्यतः नवी फाइल सर्वांना वाचता येते. ०७७ असल्यास ती केवळ मालकापुरती राहते.

## प्रवेश नियंत्रण सूची

एनटीएफएसमध्ये प्रत्येक फोल्डरला सूची जोडलेली असते. तीत व्यक्ती वा गटानुसार मुभा किंवा नकार नोंदवता येतो व वरच्या फोल्डरच्या नोंदी खाली वारशाने उतरतात. एकाच पातळीवर मुभा व नकार दोन्ही असल्यास नकार वरचढ ठरतो. नेटवर्कवरून फोल्डर उघडताना सामायिकीकरणाची परवानगी व एनटीएफएसची परवानगी अशा दोन्ही तपासल्या जातात आणि त्यांपैकी अधिक कडक ती लागू होते.

अँड्र्यू फाइल सिस्टिममध्ये सूची फाइलीला नसून फोल्डरला असते. वाचणे, यादी पाहणे, भर घालणे, पुसणे, लिहिणे, कुलूप लावणे व प्रशासन असे सात अधिकार तीत आहेत. साहजिकच वेगळी परवानगी हवी असलेली फाइल वेगळ्या फोल्डरमध्येच ठेवावी लागते.

## फोल्डरांची मांडणी

शैक्षणिक ड्राइव्हवर सामान्यतः पुढील प्रकारचे फोल्डर असतात:

* व्यक्तिगत फोल्डर: केवळ विद्यार्थ्याला खुला, युनिक्समध्ये ७००.
* वर्गसाहित्य: शिक्षकांना लिहिण्याची, विद्यार्थ्यांना केवळ वाचण्याची परवानगी.
* स्वाध्याय जमा करण्याचा फोल्डर: विद्यार्थ्याला फाइल टाकता येते, इतरांच्या फाइली वाचता येत नाहीत.
* गट प्रकल्प: गटातील सर्वांना लिहिण्याची परवानगी. फोल्डरवर ‘सेटजीआयडी’ बिट लावल्यास नव्या फाइली आपोआप त्याच गटाच्या होतात.

परवानग्या व्यक्तीऐवजी गटाला दिल्यास विद्यार्थी वर्ग बदलतो तेव्हा केवळ गटाचे सदस्यत्व बदलावे लागते. प्रत्येकाला कामापुरताच अधिकार द्यावा, या सूत्राला किमान अधिकाराचे तत्त्व म्हणतात. फार खोल रचनाही गैरसोयीची ठरते, कारण विंडोजच्या अनेक प्रोग्रामांना २६० वर्णांहून लांब मार्ग हाताळता येत नाही.

## मर्यादा

ज्याला फाइल वाचता येते त्याला तिची प्रतही करता येते आणि त्या प्रतीवर मूळ मालकाचे नियंत्रण उरत नाही. प्रशासकाला परवानग्या ओलांडता येतात. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडल्यास परवानग्या निरुपयोगी ठरू शकतात. तेथे कूटबद्धीकरणाची गरज भासते. तसेच, लिहिण्याचा अधिकार असलेल्याने चुकून पुसलेली फाइल परवानग्यांमुळे परत मिळत नाही, म्हणून राखीव प्रत ठेवणे आवश्यक असते.